नागपुरात आम्ही जेवायचं कुठं?

नागपुरात खायला कुठं जायचं याच्या याद्या आणि रील मोबाईलवर रोज येतात, कोणी म्हणतं हे रूफटॉप, कोणी म्हणतं ते कॅफे, आणि त्यात वाईट काहीच नाही, ज्याला परवडतं त्यानं जरूर जावं. पण मी नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरकडचा, गावात राहतो, शेती करतो, आणि माझ्यासारखे लोक नागपूरला फिरायला जात नाहीत. मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, पेशंट भरती असतो म्हणून जातात, कळमन्याच्या बाजार समितीत माल घेऊन जातात, कोर्टात तारीख असते, पोरीची अ‍ॅडमिशन असते. सकाळची पहिली एसटी पकडली की दुपारी दोनपर्यंत पोटात चहाशिवाय काही नसतं. मग आम्ही जिथं जेवतो त्या जागा कोणत्याच यादीत नसतात, आणि गोष्ट एवढीच असती तर लिहायची गरज नव्हती, पण आता त्या जागा रस्त्यावरूनही जाऊन राहिल्या. कधी सौंदर्यीकरण, कधी रस्ता रुंदीकरण, कधी नुसतंच अतिक्रमण म्हणून. आज आहे तो ठेला पुढच्या खेपेला दिसंल याचा भरवसा नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. जिथं दहा मुलखांतले लोक राहतात त्या शहरात खायची चांगली जागा कोणती हे चवीवर ठरतं हे खरं, पण तिथं कोण कोण बाजूबाजूला बसू शकतं यावरही ते ठरतं. आणि अशा जागा सांभाळणं हे शहराचं काम आहे, पाण्याची लाईन टाकणं जसं त्याचं काम आहे तसंच. ठेलेवाल्यावर उपकार म्हणून ते करायचं नाही, आम्हा खाणाऱ्यांचा तो हक्क आहे म्हणून करायचं.

नागपूर एका रंगाचं कधीच नव्हतं. गोंड राजा बख्त बुलंद शाहानं ते १७०२ च्या आसपास वसवलं, मग भोसले आले, १८६७ ला रेल्वे आली, १८७७ ला टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, बंगाल नागपूर रेल्वेसोबत बंगाली बाबू आले, रेल्वेतच दक्षिणेकडची माणसं आली, फाळणी झाली आणि सिंधी लोक जरीपटक्यात वसले. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं म्हणून आजही बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याच्या माणसाला दवाखाना म्हटलं की नागपूरच आठवतं. जो आला तो आपली चूल घेऊन आला. जरीपटक्यात सकाळी दाल पकवान खाऊन बघा, घट्ट चण्याची डाळ, वरून चिंचेची चटणी आणि कांदा, बाजूला कुडकुडीत पकवान, घरदार मागं ठेवून आलेल्या लोकांनी ही न्याहारी मात्र सोबत आणली आणि आता ती नागपूरची झाली.

आता सावजी घ्या. सावजी म्हटलं की लोकांना फक्त तिखट आठवतं, डोळ्यांतून पाणी काढणारं, आणि व्हिडिओवाले तेवढंच दाखवतात. पण सावजी ही हलबा कोष्टी विणकरांच्या घरची भाजी आहे. दिवसभर मागावर बसणाऱ्या माणसांचं जेवण, जवसाच्या तेलातलं, मटणासोबत खूर आणि सुंदरी म्हणजे आतडीसुद्धा, म्हणजे बकऱ्याचं काही वाया जाऊ द्यायचं नाही. हातमाग मागं पडला तेव्हा कित्येक घरांनी समोरच्या खोलीत बाक टाकले आणि भोजनालय सुरू केलं, गोळीबार चौकाकडं अजून तशी घरं दिसतात, पुढं ग्राहक आणि मागं कुटुंब. तिथून फार लांब नाही तो मोमीनपुरा, तिथलेही मूळचे विणकरच, उत्तरेतून आलेले मोमीन. दोघांचा धंदा एकच होता, सूत आणि माग. एकाच्या रश्शात जवस न् खसखस वाटलेलं, दुसऱ्याकडं रमजानच्या रात्री बिर्याणी आणि नळीचा रस्सा. हे दोन मोहल्ले राजकारणात कितीही वेगळे दाखवले तरी जेवायच्या बाबतीत नागपूरकर दोन्हीकडं जातो, आणि आमच्यासारखा खेड्यातला तर जातोच जातो.

याच्यात आमचाही वाटा आहे हे कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. भिवापुरी मिरचीला जीआय, म्हणजे त्या मुलखाचा माल म्हणून सरकारी ओळख, मिळालं, वर्ध्याकडच्या वायगावच्या हळदीला मिळालं, संत्र्याला तर आधीच मिळालं होतं. मिरचीच्या दिवसांत आमच्याकडं सातऱ्यावर, म्हणजे मिरचीचे देठ तोडायच्या जागेवर, या एकदा. मिरचीचा ढीग पडलेला असतो आणि बाया पदरानं नाक-तोंड बांधून सकाळपासून देठ तोडत बसलेल्या असतात, संध्याकाळपर्यंत बोटांची आग होते, घरी गेल्यावर लेकराला हात लावता येत नाही. ती मिरची शहरात जाऊन रस्सा लाल करते. मग त्याच बाईचा नवरा मेडिकलला भरती असला आणि ती दुपारी गेटबाहेर आली, तर तिला खिशाला परवडंल असं गरम जेवण मिळायला पाहिजे की नाही? मला हा प्रश्न फार साधा वाटतो, आणि याचं उत्तर शहराच्या कोणत्याही विकास आराखड्यात मला दिसत नाही.

मेडिकलच्या आसपासचे ठेले हे माझ्या मते नागपुरातलं सगळ्यात मोठं हॉटेल आहे. एका बाकावर बालाघाटची म्हातारी, तिच्या बाजूला आदिलाबादहून आलेला, ज्याला धड हिंदी येत नाही असा माणूस, मग आमच्याकडचे दोघं-तिघं, आणि टोकाला एखादा शिकाऊ डॉक्टर घाईघाईत पोहे खाताना. भाषा चार, ताट एक. मी बघितलंय, ठेल्यावरची काकू विचारते, "पेशंटसाठी नेता का भाऊ? मंग यातलं नका नेऊ, तिखट हाय, थांबा, साधी खिचडी टाकून देतो." आणि ती बाजूच्या छोट्या स्टोव्हवर बिनतिखटाची खिचडी लावते, मीठसुद्धा विचारून टाकते, कारण तिला ठाऊक असतं कोणत्या वॉर्डातल्या माणसाला मीठ बंद आहे. हे ज्ञान कोणत्या कॅन्टीनच्या टेंडरमध्ये लिहिता येतं सांगा मला. नातेवाईक तिच्याकडं पिशवी ठेवून जातात, मोबाईल चार्जिंगला लावतात, दहा-बारा दिवस राहावं लागलं तर उधारीही चालते. आता हा ठेला उचलला की शहराच्या नकाशावर फक्त फुटपाथ मोकळा झालेला दिसतो, आणि त्या म्हातारीचं जेवण गेलं हे कोणाच्याच वहीत लिहिलं जात नाही.

दुसरी एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे ती लंबी रोटी, मटका रोटी म्हणतात ती. गव्हाची कणीक, पण पोळीसारखी घट्ट नाही, पाणी घालून घालून इतकी सैल मळतात की हातातून ओघळायला लागते. मग ती बाई तो गोळा घेते, एका हातावरून दुसऱ्या हातावर टाकत राहते, हळूहळू तो मनगटावर, मग पार कोपरापर्यंत लांबत जातो, पातळ होत जातो, आरपार दिसायला लागतं, आणि मग एका झटक्यात उलट्या मडक्यावर. खाली जाळ, वर मडक्याचं काळं बूड. घडी घालून देते, रुमालासारखी मऊ. पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा असो की मटणाचा, त्याच्यासोबत ही रोटी खाल्ली की दुसरं काही सुचत नाही. ही कला त्या बायांनी आईकडून, सासूकडून घेतली, कुठं कोर्स केला नाही. मोठ्या हॉटेलात आता हीच रोटी "लाईव्ह काउंटर" म्हणून मिळते, चांगलं आहे, बाईला तिथं काम मिळत असंल तर अजून चांगलं, पण रस्त्यावर तीच बाई स्वतःच्या धंद्याची मालकीण असते आणि तिथं ती पगारी असते, हा फरक लहान नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. खेड्यातल्या माणसाला शहरातल्या ठेल्याचं एवढं काय हे समजून घ्यायचं असंल तर मागचं आठवावं लागंल. आमच्या आज्या-पणज्यांच्या काळी गावातल्या चहाच्या हॉटेलात खालच्या म्हटलेल्या जातींची कपबशी वेगळी ठेवलेली असायची, बाहेर खिळ्याला अडकवलेली किंवा कोपऱ्यात पालथी, प्यायची आणि स्वतः धुऊन ठेवायची, बाकावर बसायचं नाही. पंगतीत कोण कुठं बसंल हे ठरलेलं. त्या माणसाला नागपुरात आल्यावर पहिल्यांदा काय मिळालं? मिल मिळाली, रेल्वे मिळाली, आणि एक अशी खानावळ मिळाली जिथं पैसे मोजले की कोणी आडनाव विचारत नव्हतं. सगळीकडं असं होतं असं मी म्हणणार नाही, शहरातही सोवळं-ओवळं होतंच. पण गर्दीच्या ठिकाणी, स्टेशनाबाहेर, मिलच्या गेटासमोर, विचारायला कोणाला वेळच नव्हता.

आणि बाबासाहेबांना याचं महत्त्व माहीत होतं. आपल्या संविधानाचं कलम १५ लोकांना भेदभावाला मनाई करणारं कलम म्हणून माहीत असतं, पण त्याच्या दुसऱ्या भागात चक्क दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांचा उल्लेख आहे, धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून तिथं कोणाला अडवता येणार नाही म्हणून. देशाच्या सगळ्यात मोठ्या कायद्यात खायच्या जागेचं नाव घ्यावं लागलं, कारण माणसाला माणूस म्हणून वागवतात की नाही ते ताटावरच कळतं. विहीर, पाणवठा, रस्ता यांच्याच रांगेत हॉटेल बसवलंय. म्हणून मी म्हणतो ठेला हा फक्त धंदा नाही, सार्वजनिक जागा आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जे झालं ते जगाला माहीत आहे. आता दसऱ्याच्या त्या दोन-तीन दिवसांत दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर फिरून बघा. लाखो लोक येतात, मराठवाड्यातून, तेलंगणातून, उत्तर प्रदेशातून, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अन्नदानाचे मंडप असतात, कोणी पुरीभाजी देतं, कोणी मसालेभात, कोणी नुसतं पाणी घेऊन उभं असतं. तुमचं नाव काय कोणी विचारत नाही, हात पुढं केला की द्रोण हातात. आम्ही उमरेड रोडनं शहरात शिरतो तेव्हा वाटेत ताजबाग लागतं, ताजुद्दीन बाबांचा दर्गा, तिथंही तेच, उर्साच्या दिवसांत कोण हिंदू आणि कोण मुसलमान ते जेवणाच्या रांगेत ओळखू येत नाही. माझ्या आवडीच्या खायच्या जागा म्हणाल तर या दोन मी सगळ्यात वर ठेवीन, तिथं बिलच येत नाही आणि तरी रोजच्या ठेल्याची आणि त्यांची जात एकच आहे, म्हणजे जातच नाही.

मग लोक म्हणतात स्वच्छतेचं काय, ट्रॅफिकचं काय. हा प्रश्न खोटा नाही. मी स्वतः बघतो, बादलीतल्या त्याच पाण्यात चाळीस प्लेटा बुचकळल्या जातात, नालीच्या काठावर कढई असते, फुटपाथ अडला की म्हाताऱ्या माणसाला रस्त्यावर उतरून चालावं लागतं. पेशंटच्या नातेवाईकानं तिथं खाऊन स्वतःच पोट बिघडवून घेतलं तर काय फायदा. पण याचा इलाज पाण्याचा नळ, सांडपाण्याची लाईन, कचऱ्याची गाडी आणि ठरवून दिलेला ओटा हा आहे. नळ द्यायचा नाही आणि मग पाणी घाण म्हणून ठेला उचलायचा हे मला पटत नाही, कोणालाच पटू नये.

आणि यासाठी नवीन कायदा करायची गरजही नाही. २०१४ साली संसदेनं पथविक्रेत्यांचा कायदा केला. त्यात स्पष्ट आहे की आधी सर्वे करा, सर्वे होऊन सर्टिफिकेट देईपर्यंत कोणाला हटवू नका. दर पाच वर्षांनी परत सर्वे. शहराच्या किंवा झोनच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना जागा करून द्यायची. निर्णय घ्यायला नगर पथविक्रेता समिती, तिच्यात निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांतून निवडून आलेले आणि त्यांच्यात एक तृतीयांश बाया. हलवायचंच झालं तर ३० दिवसांची नोटीस. एवढं सगळं लिहिलेलं आहे, आणि तरी आपल्याला रस्त्यावर दिसतं काय, तर सकाळी ट्रक येतो आणि कढईसकट सगळं उचलून नेतो, परत मिळवायला दंड भरायचा आणि चार चकरा मारायच्या.

याच कायद्यात एक शब्द मला फार मोलाचा वाटतो, नैसर्गिक बाजार. म्हणजे जिथं विकणारे आणि घेणारे पूर्वीपासून जमत आले आहेत अशी जागा. अशा जागेला ना-फेरीवाला क्षेत्र करता येत नाही. बघा, घेणारेही मोजले आहेत. मग मेडिकलच्या गेटाबाहेर, गणेशपेठच्या स्टँडाबाहेर, कॉटन मार्केटात, इतवारी स्टेशनाच्या आसपास कोण जमतं? आम्ही जमतो. नागभीडची नॅरोगेज रेल्वे २०१९ ला बंद होईपर्यंत तिच्यातून उतरलेली कित्येक माणसं आधी इतवारीत काहीतरी खायची आणि मग कामाला लागायची. आमच्या पिढ्या तिथं जेवल्या. पण सर्वे होतो तेव्हा ठेले मोजतात, खाणारा कुठून येतो, किती लांबून येतो, त्याच्याकडं दुसरा काय पर्याय आहे हे कोणी विचारत नाही. मतदार नागपूरचा नसला म्हणून त्याची भूक नागपूरची नाही का?

काही जण म्हणतील गरिबासाठी शिवभोजन थाळी आहे ना. आहे, आणि ती चांगली गोष्ट आहे, २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांत सुरू झाली, दोन पोळ्या, भाजी, वरण, भात, कोरोनात तर काही काळ फुकट दिली. तिनं कित्येकांचा दिवस निघाला. पण केंद्रावर थाळ्या ठरलेल्या असतात आणि वेळही दुपारचीच, संपल्या की संपल्या. रात्री अकरा वाजता अ‍ॅम्ब्युलन्समधून पेशंट आणला आणि दोनला त्याला बेड मिळाला की सोबत आलेल्या चार जणांना जे काही गरम मिळतं ते ठेल्यावरच मिळतं. सरकारी थाळी आणि ठेला दोन्ही पाहिजेत.

हे फक्त नागपूरचं आहे असंही नाही. शेगावची कचोरी आज सगळ्या महाराष्ट्रात नाव कमावून आहे, ती सुरू केली फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या शर्मा कुटुंबानं, शेगावच्या रेल्वे स्टेशनावर, येणाऱ्याजाणाऱ्या प्रवाशांसाठी. उजाडून आलेला एक माणूस आणि स्टेशनावरची थोडीशी जागा, त्यातून एका गावाची ओळख तयार झाली. त्या वेळी कोणी स्टेशन चकाचक करायचं म्हणून त्याला उठवलं असतं तर? आज असे किती जण आपण उठवून राहिलो याचा विचार मला सारखा येतो. परप्रांतातून आलेला पाणीपुरीवाला, हिवाळ्यात स्वेटर विकायला बसणाऱ्या तिबेटी माणसांच्या मागून आलेले मोमो, गडचिरोलीकडच्या बंगाली वस्त्यांतून आलेला माछ-भात, हे सगळं आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचलंय. बाहेरचे आले आणि आपल्या पोरांचा धंदा घेतला असं बोलणारेही आहेत. मी त्यांना एवढंच विचारतो, राजेहो, आपली पोरं पुण्यात न् हैदराबादेत जाऊन काय करून राहिली? तीही तिथं कोणाच्या तरी गल्लीत परप्रांतीच आहेत, आणि तिथल्या एखाद्या अण्णाच्या इडलीवर त्यांचं शिक्षण होऊन राहिलं.

या सगळ्यात एक उणीव मात्र मनाला लागते. ज्या शहराचा पाया गोंड राजानं घातला तिथं गोंडांचं जेवण माझ्या पाहण्यात कुठं विकायला नाही. मोहफुलाचे पदार्थ, कोदो-कुटकीचा भात, अंबील, पावसाळ्यातल्या रानभाज्या. पावसाळ्यात एखादा रानभाजी महोत्सव होतो, फोटो निघतात, बाकी वर्षभर काही नाही. भोजनालय काढायला डिपॉझिट लागतं, ओळख लागते, आणि ज्याच्याकडं हे दोन्ही नाही त्याला रस्त्याकडेची चार फूट जागाच कामाची. गडचिरोलीतल्या कोरची-धानोऱ्याकडच्या बचत गटातल्या बायांना नागपुरात असे दहा ओटे दिले तर शहराची थाळी पहिल्यांदा पूर्ण होईल असं मला मनापासून वाटतं.

म्हणून मागणी करायची तर नेमकी करू. मेडिकल, मेयो दवाखाना, कोर्ट, एसटी स्टँड, बाजार समिती अशा जागी जिथं बाहेरगावचे लोक रोज येतात तिथं खाण्याचे ठेले नैसर्गिक बाजार म्हणून आधी नोंदवा. सर्वेच्या फॉर्ममध्ये खाणाऱ्यांसाठी एक पान जोडा आणि ते दुपारी एक ते तीनमध्ये भरून घ्या, तेव्हाच आम्ही तिथं असतो. आणि उद्या आमच्या भिवापूर-उमरेडच्या स्टँडाचं नूतनीकरण निघालं तर नगरपालिकेनं आधी नकाशा लावावा, त्यात किती ओटे आहेत, नळ कुठं आहे, सांडपाणी कुठं जाणार, रात्री लाईट राहणार का, आणि आज तिथं भजे तळणाऱ्या, पोहे विकणाऱ्या बायांची नावं त्या यादीत आहेत का, एवढं दाखवावं, मग कुदळ मारावी.